मरळ आणि हजार लिटर पाणी : परभणीतील घरगुती टाकीच्या प्रकल्प नोंदी

10 फेब्रुवारी 2024

घरात मोठा शिकारी मासा पाळायचा हे ठरले, आणि त्यानंतरचा सगळा काळ कोणता मासा या एकाच प्रश्नात गेला. छत्रपती संभाजीनगरच्या बाजारात अ‍ॅलिगेटर गार आणि रेडटेल कॅटफिश यांची बोटभर पिल्ले काचेत मोठी देखणी दिसतात. मात्र रेडटेल कॅटफिश वाढून एक मीटरच्या पुढे जातो आणि गार दोन मीटरही ओलांडतो, हे विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही. टाकीत मावेनासा झालेला परदेशी मासा शेवटी जवळच्या तलावात सोडला जातो. श्रीनगरच्या दल सरोवरात 2023 मध्ये सापडलेला गार उत्तर अमेरिकेहून पोहत आलेला नव्हता. हा वाटा आपण उचलायचा नाही, एवढ्या एका कारणावरून परदेशी माशांची संपूर्ण यादी खोडली.

निवड मरळाची झाली. पूर्णा आणि गोदावरीच्या खोऱ्यात तो मुळातच आहे, येथील कडक उन्हाळा आणि जड पाणी त्याच्या अंगवळणी पडलेले आहे. आपल्याकडे बाजारात दोन जाती एकाच नावाने विकल्या जातात. चन्ना स्ट्रायाटा ही त्यातली लहान, तर चन्ना मरुलियस ही मीटरभर वाढू शकणारी. पिल्लाच्या शेपटीच्या बुडाशी उजळ कडेचा, डोळ्यासारखा काळा ठिपका असेल तर ती दुसरी जात समजावी. आम्हाला दुसरी हवी आहे. येथे एक गोष्ट नोंदवून ठेवणे योग्य होईल की हाच किंवा याचा अगदी जवळचा मासा 2000 साली अमेरिकेतील फ्लोरिडात आढळला आणि तेथे तो आक्रमक परका ठरला आहे. तेव्हा आपले पारडे जड करणारा ‘स्थानिक’ हा गुण माशाचा नसून ठिकाणाचा आहे.

मरळाच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वरच्या बाजूस हवेतून प्राणवायू घेणारा अवयव असतो. त्यामुळे कमी प्राणवायूच्या गढूळ डबक्यातही तो तगतो. त्याचबरोबर त्याला अधूनमधून पृष्ठभागावर येऊन हवा घ्यावीच लागते. वाट अडवली तर तो भरल्या पाण्यात गुदमरतो. टाकीची रचना या एका गोष्टीभोवती करावी लागेल.

25 फेब्रुवारी 2024

टाकीचे माप सहा फूट लांब, अडीच फूट रुंद आणि दोन फूट उंच असे ठरले. हे 30 घनफूट, म्हणजे साधारण 850 लिटर होतात. 12 मिलिमीटर काचेचे वजन सव्वाशे किलोच्या पुढे जाते आणि लोखंडी स्टँड धरून एकूण भार एक टनाहून जास्त होतो. हा सगळा भार पंधरा चौरस फुटांवर येणार असल्याने दर चौरस मीटरला आठशे किलोच्या आसपास वजन पडेल. राहत्या खोलीचा स्लॅब भारतीय मानकाप्रमाणे दर चौरस मीटरला साधारण 200 किलो चल भार (माणसे, सामान) धरून आखलेला असतो. माडीवर टाकी ठेवण्याचा विचार येथेच संपला.

तळमजल्यावरही प्रश्न सुटत नाही, कारण परभणीची जमीन काळी आहे. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि जुन्या घरांमधून शहाबादी फरश्या कशा उचलल्या जातात हे येथे कोणाला सांगावे लागत नाही. स्टँडचा एक पाय चार मिलिमीटर खाली गेला तरी लांब काचेवर पीळ पडतो आणि सांध्यातील सिलिकॉन आधी हार मानते. म्हणून कोपऱ्यातील फरशी काढून काळी माती मुरूम लागेपर्यंत उपसली, खड्डा मुरुमाने थराथराने भरून पाणी मारून धुमसाने ठोकून घेतला आणि वर सळईचा सहा इंची काँक्रीट थर टाकला. टाकीपेक्षा टाकीखालच्या जमिनीला जास्त खर्च आला, याबद्दल वडिलांनी केलेली टिप्पणी येथे लिहिण्यासारखी नाही.

16 मार्च 2024

टाकी आली. काच साधीच घेतली आहे, कारण टफन्ड काचेला नंतर भोक पाडता येत नाही आणि आम्हाला मागच्या बाजूने ओसंडणारे पाणी खालच्या संपमध्ये, म्हणजे फिल्टरचे काम करणाऱ्या उघड्या टाकीत, न्यायचे आहे. बंद डब्याच्या फिल्टरऐवजी संप घेण्यामागे परभणीची वीज हे कारण आहे. बंद फिल्टरमधील, माशाची घाण पचवणारे जिवाणू वीज गेल्यावर काही तासांत प्राणवायूअभावी मरू लागतात, आणि वीज परत आल्यावर तेच कुजके पाणी थेट टाकीत फेकले जाते. संप उघडा असतो. त्यात बॅटरीवरील हवेचा पंप सोडता येतो.

संपचे पाणी 150 लिटर ठेवले असून वरचा भाग मुद्दाम रिकामा सोडला आहे. मोटार थांबली की टाकीतील वरचे दोन इंच पाणी खाली उतरते, आणि या मापाच्या टाकीत दोन इंच म्हणजे सत्तर लिटर. तेवढी जागा संपमध्ये नसेल तर प्रत्येक भारनियमनात खोली धुतली जाईल. जिवाणूंना बसायला स्पंज आणि भांडी घासण्याच्या प्लास्टिकच्या जाळीदार घासण्या भरल्या आहेत. महागड्या सिरॅमिक रिंगांनी जे काम होते तेच या स्वस्तात करतात.

झाकण आणि पाण्याच्या पृष्ठभागात चार इंच हवा ठेवली आहे. झाकणाची चौकट लोखंडी असून वर जाळी आहे आणि दोन्ही टोकांना कडी आहे. मरळ उडी मारतो, आणि मोठा मरळ नुसते ठेवलेले झाकण घेऊनच उडी मारतो.

31 मार्च 2024

बोअरचे पाणी तपासले. टीडीएस (विरघळलेले क्षार) 780, सामू (पीएच) 8.2. आकडे वाईट दिसत असले तरी माशासाठी ते वाईट नाहीत. काळजी निराळी आहे. मासा जो अमोनिया बाहेर टाकतो त्याची पाण्यात दोन रूपे असतात, त्यांतील एकच रूप खरे विषारी, आणि सामू व तापमान जितके चढे तितका त्या रूपाचा वाटा मोठा. 30 अंश तापमान आणि 8.2 सामू असताना एकूण अमोनियापैकी सुमारे 11 टक्के भाग विषारी असतो. सामू 7 असता तर तो एक टक्क्याच्याही खाली राहिला असता. कमी सामूच्या पाण्यात जो अमोनिया माशाला जाणवणारही नाही, तो आमच्या टाकीत कल्ले जाळू शकतो. हवेवर श्वास घेणाऱ्या मरळालाही यातून सुटका नाही, कारण त्याची कातडी आणि कल्ले त्याच पाण्यात असतात.

आजपासून मासा नसलेल्या टाकीत थोडा थोडा अमोनिया घालून जिवाणू वाढवण्यास सुरुवात केली. एका गटाचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसऱ्या गटाचे नायट्राइटचे नायट्रेट. मित्राच्या जुन्या टाकीतील स्पंज पिळून आणलेला काळा गाळ संपमध्ये विरजणासारखा लावला आहे.

12 मे 2024

संध्याकाळी घातलेला अमोनिया सकाळी शून्य आणि नायट्राइटही शून्य, अशी स्थिती आता टिकून आहे. मासा मात्र पावसाळ्यातच आणायचा आहे. पाण्याचे तापमान 33 अंश आहे; एवढ्या उष्णतेत पिल्लाची वाहतूक करण्यात अर्थ नाही. तोवर जिवाणूंना रोजचा अमोनिया चालू राहील.

14 जुलै 2024

येलदरी धरणावर मासेमारी करणाऱ्या एका मामांकडून सहा इंचांचे पिल्लू मिळाले. मरळाची जोडी पावसाळ्यात अंडी घालते आणि त्यानंतर पिल्लांच्या थव्याची राखण करते. असा राखणीतला थवा उपसून आणलेला नको, जाळ्यात सुटे सापडलेले पिल्लू असेल तरच द्या, असे त्यांना आधीच सांगितले होते. ठिपका पाहिला, अंगावर जखम नाही याची खात्री केली. सोबत आणखी एक पिल्लू घ्यावे काय, असे विचारल्यावर मामा म्हणाले, “याच्यासंगं दुसरा घालू नका सर, सकाळी एकच दिसंल.”

पिल्लू झाकणाच्या वेगळ्या टबात ठेवले आहे. लिटरमागे तीन ग्रॅम जाडे मीठ, आणि जंगली माशात कृमी असतातच असे गृहीत धरून प्राझिक्वांटेलची मात्रा. मोठ्या टाकीत जाण्यास अजून अवकाश आहे.

11 ऑगस्ट 2024

पिल्लू मोठ्या टाकीत गेले, आणि खाद्याच्या बाबतीत आमची त्याच्याशी रस्सीखेच सुरू झाली. शिकारी मासा म्हणजे त्याला जिवंत मासे घालायचे, अशी समजूत सार्वत्रिक आहे आणि पाहुण्यांनाही तोच खेळ पाहायचा असतो. आम्ही जिवंत मासे देत नाही. बाजारातील स्वस्त मासे रोग घेऊन येतात. शिवाय हालणाऱ्या भक्ष्याची सवय लागलेला मरळ पुढे गोळीखाद्याकडे पाहतही नाही. कोंबडीचे आणि बकऱ्याचे मांसही वर्ज्य, कारण त्यातील चरबी माशाला नीट पचत नाही. सुरुवात गांडुळांनी केली, मग सोललेले झिंगे आणि चिलापीचे काटे काढलेले तुकडे चिमट्याने हलवून दिले, आणि आता त्या तुकड्यांत तरंगत्या गोळ्या दडवून देत आहोत. गोळी तोंडात गेली की तो ती थुंकतो, जरा विचार केल्यासारखा थांबतो आणि पुन्हा घेतो.

3 सप्टेंबर 2024

दोन दिवसांच्या अतिवृष्टीने मराठवाड्यात हाहाकार माजवला आहे. त्यापुढे टाकीची नोंद क्षुल्लक आहे, पण ती ठेवली पाहिजे. पुरानंतर नळाला येणारे पाणी गढूळ असते आणि त्यात साहजिकच क्लोरीनचे प्रमाण नेहमीपेक्षा चढे असते. एरवी क्लोरीन घालवणाऱ्या हायपोचे, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे, ठरलेले प्रमाण पुरते. अशा दिवसांत त्या सवयीवर विसंबता येत नाही. क्लोरीन माशाला घातक असतो आणि फिल्टरमधील जिवाणूंनाही. पाणी बदलणे थांबवले, खाद्यही थांबवले. मरळाला उपासाचे काही वाटत नाही.

20 ऑक्टोबर 2024

मासा आता गोळ्या बिनतक्रार खातो, म्हणून हिशोब मांडणे शक्य झाले. या संपूर्ण प्रकल्पात सर्वांत उपयोगी ठरलेले गणित हेच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

गोळीखाद्यात 45 टक्के प्रथिने आहेत आणि प्रथिनांच्या वजनाचा साधारण 16 टक्के भाग नत्र असतो. आठवड्याला 100 ग्रॅम खाद्य घातले तर त्यातून 7.2 ग्रॅम नत्र टाकीत जाते. त्यातील सुमारे 60 टक्के मासा अमोनियाच्या रूपाने पाण्यात सोडतो असे धरले, तर 4.3 ग्रॅम नत्र, आणि जिवाणूंच्या हातून जाऊन त्याचे 19 ग्रॅम नायट्रेट होते. टाकी आणि संप मिळून पाणी हजार लिटर असल्याने प्रत्येक आठवड्याला लिटरमागे 19 मिलिग्रॅम नायट्रेटची भर पडते. दर आठवड्याला चौथाई पाणी बदलले तर ही पातळी वाढत जाऊन शेवटी 76 मिलिग्रॅमवर स्थिरावते. आम्हाला ती 40 च्या खाली हवी आहे. मग एकतर निम्मे पाणी बदला, नाहीतर खाद्य निम्म्यावर आणा.

निम्मे पाणी म्हणजे आठवड्याला 500 लिटर. ज्या शहरात नळाचे पाणी रोज येत नाही आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते, तेथे एका माशासाठी एवढे पाणी ओतणे समर्थनीय नाही. 2016 साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले होते हे आमच्या पिढीने पाहिले आहे. म्हणून आम्ही पाण्यावरून खाद्य ठरवले. आठवड्याला 50 ग्रॅम, तीन वेळांत विभागून, आणि 250 लिटर बदल. मरळ सावकाश वाढेल, वाढू दे. त्याला लवकर मोठे करण्याची घाई ज्यांना असते त्यांच्याकडे बहुधा नदी असते.

काढलेले पाणी परसात जाते. लिंबू, शेवगा आणि कढीपत्ता यांना पूर्वी दिले जाणारे बोअरचे पाणी आता वाचते, तेव्हा निव्वळ जास्तीचा वापर कागदावर दिसतो त्यापेक्षा बराच कमी आहे. नायट्रेटचे पाणी पिणाऱ्या शेवग्याला या हिवाळ्यात किती शेंगा येतात ते आई मोजणार आहे.

17 डिसेंबर 2024

थंडीची लाट आली असून पहाटे पारा दहा अंशांच्या खाली जात आहे. मरळ थंडीने मरणार नाही, पण याच काळात त्याला व्रणरोगाची भीती असते. अफॅनोमायसिस इन्व्हाडन्स हा बुरशीसदृश जीव थंडावलेल्या पाण्यात माशाच्या अंगावर खोल जखमा करतो. भारतात हा रोग 1988 साली शिरला आणि मरळ वर्गातील मासे त्याला विशेष बळी पडतात. कमी क्षारतेचे पाणी त्याला पोषक असते. आमच्या जड पाण्याची बाजू येथे उजवी ठरते. हीटर संपमध्ये बसवले आहेत, कारण टाकीतील काचेचा हीटर मोठा मासा शेपटीच्या एका फटक्यात फोडू शकतो. पाणी 25 अंशांवर स्थिर आहे.

23 फेब्रुवारी 2025

मागच्या काचेवर चिकटवलेल्या पट्टीवर लांबी 33 सेंटिमीटर. शेपटीचा ठिपका ठळक आहे. विशेष काही नाही.

20 एप्रिल 2025

खोलीत दुपारी 40 अंश, टाकीत 33.5. पाणी जितके तापते तितका प्राणवायू त्यात कमी विरघळतो. 20 अंशांना लिटरमागे 9 मिलिग्रॅम मावतो, तर 35 अंशांना जेमतेम 7. मरळाला याचे सोयरसुतक नसले तरी जिवाणूंना आहे, कारण अमोनियाचे नायट्रेट करण्यासाठी त्यांना प्राणवायूच लागतो. घरातील सगळे माशाकडे पाहून ‘मजेत आहे’ म्हणतात. मी संपकडे पाहतो.

थंडावा देण्यासाठी चिलर घेतला नाही. संपवर टेबलफॅन लावला आहे. रोज सुमारे आठ लिटर पाणी उडून जाते, आणि एवढ्या पाण्याची वाफ होताना जी उष्णता खेचली जाते ती हजार लिटर पाणी साडेचार अंशांनी उतरवण्याइतकी असते. प्रत्यक्षात खोलीतून उष्णता परत येत राहते, त्यामुळे फरक अडीच ते तीन अंशांचा पडतो. तोही पुरेसा आहे. मात्र वाफ झालेल्या पाण्यातील क्षार मागेच राहतात. ही भर बोअरच्या पाण्याने केल्यास टीडीएस चढत जातो, म्हणून वरचे पाणी आरओचे घालतो.

उन्हाळ्यासाठी पाण्याचा बदल आठवड्याला 100 लिटरवर आणला. वरच्या गणिताप्रमाणे खाद्य 20 ग्रॅमवर यायला हवे होते. ते 30 ठेवता आले, कारण संपच्या शेवटच्या कप्प्यात वाळा आणि कर्दळ लावली आहे. दोन्हींची मुळे थेट पाण्यात वाढतात आणि नायट्रेट ओढून घेतात. नायट्रेट 35 च्या आसपास स्थिर आहे. वाळ्याचा सुगंध येतो असे पाहुणे म्हणतात. मला तो आलेला नाही.

23 मे 2025

यंदाच्या मे महिन्याला मे म्हणवत नाही, इतका अवकाळी पाऊस आहे. रात्रीच्या वादळात तार तुटली आणि वीज दुसऱ्या दिवशी दुपारी आली. इन्व्हर्टरवर मुख्य मोटार ठेवलीच नव्हती. मोटारीने बॅटरी लवकर संपवली असती आणि घराचे पंखेही गेले असते. त्याऐवजी हवेचा छोटा बॅटरी पंप संपमधील घासण्यांच्या कप्प्यात बुडबुडे सोडत राहिला. वीज आल्यावर अमोनिया 0.25, संध्याकाळी 0.25, सकाळी शून्य. दरम्यान दोन दिवस खाद्य बंद. मासा नेहमीसारखा वर येऊन हवा घेऊन खाली जात होता. त्याच्याकडे पाहून पाण्याची अवस्था ओळखणे अशक्य आहे, आणि मरळ पाळणाऱ्याने तपासणीची बाटली माशाच्या वागण्यापेक्षा अधिक विश्वासार्ह मानली पाहिजे, कारण हा मासा इतर मासे कधीच मेले असते अशा पाण्यातही निवांत दिसतो.

24 ऑगस्ट 2025

लांबी 46 सेंटिमीटर. टाकीची रुंदी 75 सेंटिमीटर असल्याने वळण्यास अजून जागा आहे, पण 60 पार केल्यावर ती राहणार नाही. मासा धरणात परत सोडण्याची सूचना दोघातिघांनी केली. तो येलदरीचाच असला तरी वर्षभर आमच्या टाकीत, बाजारातील खाद्यावर आणि मित्राच्या टाकीतील गाळावर वाढलेला आहे; त्याच्यासोबत काय जाईल हे सांगता येत नाही, म्हणून ती वाट बंद आहे. शेततळ्याचाही विचार झाला, परंतु पावसाळ्यात तळे ओसंडले की मासा ओढ्याला लागतो.

परसात बारा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट खोल असा सिमेंटचा हौद बांधायचा ठरला आहे, त्यात 6,100 लिटर पाणी मावेल. त्याच्या भिंती पाण्याच्या पातळीवर दीड फूट उंच राहतील आणि वर जाळी असेल. नव्या सिमेंटमधून चुना सुटून सामू माशाला घातक पातळीपर्यंत चढतो, त्यामुळे हौद अनेकदा भरून रिकामा करावा लागतो, आणि हे पाणी बोअरचे वापरणे परवडणारे नाही. घराचे छत 600 चौरस फुटांचे आहे. त्यावर 100 मिलिमीटर पाऊस पडला तर साडेपाच हजार लिटर मिळतात. म्हणजे परतीच्या पावसाआधी हौद उभा राहिला पाहिजे. गवंडी गौरी-गणपतीनंतर येणार आहे. तोपर्यंत छताची पन्हळ बसवून घ्यायची आणि पहिल्या भरणातले चुन्याचे पाणी शेवग्याला न देता रस्त्याकडेच्या गटारात सोडण्यासाठी वेगळा नळ काढायचा, एवढी दोन कामे या आठवड्यात आहेत.